थिओडेलिंडा राणीने लोंबार्डांना कॅथलिक केले का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इटलीवर राज्य करणाऱ्या लोंबार्ड लोकांची राणी थिओडेलिंडा हिने आधी नवऱ्याला आणि मग सगळ्या जमातीला एरियन पंथातून कॅथलिक पंथात आणले, असे ठिकठिकाणी लिहिलेले आढळते. हे खरे का? आणि खरे नसेल, तर ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात तिचे एवढे नाव कशामुळे?

सरळ उत्तर असे की जमातीचे धर्मांतर तिच्या हयातीत झाले नाही. नवऱ्याने पंथ बदलल्याचाही भरवशाचा पुरावा नाही. शिवाय ज्या पोप ग्रेगरीशी तिचे नाव नेहमी जोडले जाते, त्याच्याशी एका मोठ्या धार्मिक वादात तिचे पटल्याचे कुठेच दिसत नाही. तरीही तिचे महत्त्व कमी होत नाही. तिने केलेले काम मुलाचा बाप्तिस्मा, रोमशी पत्रव्यवहार, मिलानजवळच्या मोंझाचे चर्च आणि माहेरची माणसे या वाटांनी झाले. त्याचे फळ तिच्या मृत्यूनंतर पंचवीस ते सत्तर वर्षांनी दिसले. हे नीट कळायला साधनांपासून सुरुवात करावी लागते, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे.

त्याआधी एका शब्दाची उकल. ‘एरियन’ म्हणजे आर्य नव्हे. देवनागरीत ‘आरियन’ लिहिले की मराठी वाचक हमखास फसतो. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस याच्या नावावरून हा शब्द आला आहे. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, म्हणून पित्याच्या बरोबरीचा नाही, असे त्याचे म्हणणे होते. ३२५ च्या निकाया परिषदेने ते फेटाळले, पण रोमन साम्राज्याच्या सीमेवरच्या गॉथ वगैरे जमातींपर्यंत ख्रिस्ती धर्म याच रूपात पोचला होता. लोंबार्ड ५६८ मध्ये आल्बोइन राजाबरोबर इटलीत उतरले, तेव्हा त्यांच्यात एरियन होते, जुन्या देवांना मानणारे होते आणि थोडेफार कॅथलिकही होते. म्हणजे एकसंध एरियन जमात, आणि तिचे एका झटक्यात धर्मांतर, हे चित्र मुळातच चुकीचे आहे.

आता साधने. मराठी इतिहास वाचणाऱ्याला बखर आणि अस्सल कागद यांतला फरक सांगावा लागत नाही. इथेही तेच परिमाण लावा. थिओडेलिंडाची बखर म्हणजे डीकन (चर्चमधला कनिष्ठ धर्माधिकारी) पॉल याने आठव्या शतकाच्या शेवटी लिहिलेला लोंबार्डांचा इतिहास. पॉल स्वतः लोंबार्ड होता, मॉन्ते कासिनोच्या मठातला साधू होता, आणि राणीनंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी लिहीत होता. त्याच्यासमोर एक मोलाचे साधन होते: राणीच्या दरबारातला धर्मपुरुष, ट्रेंटचा सेकुंडुस, याने लिहिलेला छोटा इतिहास. सेकुंडुस ६१२ मध्ये वारला. त्याचा ग्रंथ आज उपलब्ध नाही, म्हणून पॉलमधल्या नेमक्या तारखा आणि ऐकीव कथा चाळणीने वेगळ्या कराव्या लागतात. अस्सल कागद म्हणजे पोप ग्रेगरीची पत्रे, आयरिश साधू कोलुंबानुसचे पत्र, आणि मोंझाच्या खजिन्यातल्या कोरीव व हस्तलिखित ओळी. बखर आणि कागद यांच्यात विसंगती आली तर कागद धरायचा.

ग्रेगरीची पत्रे वाचताना एक हिशेब हाताशी हवा. त्याच्या पत्रांच्या नोंदवहीचे १४ भाग आहेत आणि प्रत्येक भाग म्हणजे १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असे, इंडिक्शन नावाच्या जुन्या कालगणनेतले, एक वर्ष. भागाच्या क्रमांकात ५८९ मिळवले की तो भाग ज्या सप्टेंबरात सुरू होतो ते साल येते. चौथा भाग ५९३ च्या सप्टेंबरात सुरू होतो, नववा ५९८ च्या, चौदावा ६०३ च्या. त्यामुळे चौथ्या भागातले उन्हाळ्यातले पत्र ५९३ चे नसून ५९४ चे असते. हे विसरल्यामुळे कितीतरी लेखांत घटनाक्रम एका वर्षाने घसरलेला दिसतो. दुसरी अडचण क्रमांकांची. जुन्या आणि नव्या संपादित आवृत्त्यांत पत्रांचे क्रमांक जुळत नाहीत. राणीला लिहिलेले एक महत्त्वाचे पत्र नव्या आवृत्तीत चौथ्या भागातले ३३ वे आहे, तर जुन्यात ३८ वे. संदर्भ तपासताना क्रमांक न पाहता पत्राची पहिली ओळ जुळवावी.

आता राणीकडे वळू. थिओडेलिंडा बव्हेरियाचा ड्यूक गारिबाल्ड याची मुलगी. पण तिचे खरे वजन आईकडून आले. आई वाल्डेराडा ही जुना लोंबार्ड राजा वाखो याची मुलगी, म्हणजे लोंबार्डांच्या जुन्या राजघराण्याचे रक्त. लोंबार्डांनी ५७४ ते ५८४ अशी दहा वर्षे राजाशिवाय, नुसत्या ड्यूकांच्या भरवशावर काढली होती. ५८४ मध्ये निवडून आलेल्या औथारी राजाला ही सोयरीक हवी होती ती त्यासाठी. १५ मे ५८९ रोजी व्हेरोनाजवळ त्यांचे लग्न झाले. औथारी स्वतःच दूताच्या वेषात मुलगी पाहायला गेला आणि तिच्या हातून प्याला घेताना कुणाच्या नकळत त्याने तिच्या हाताला बोट लावले, ही पॉलची गोष्ट गोड आहे, पण ती बखरीच्या खात्यात ठेवावी. राणीबरोबर तिचा भाऊ गुंडोआल्डही इटलीत आला आणि आस्तीचा ड्यूक झाला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

औथारीची धर्मनीती काय होती हे ग्रेगरीच्या ५९१ च्या जानेवारीतल्या पत्रावरून स्पष्ट होते. ५९० च्या ईस्टरला लोंबार्ड मुलांना कॅथलिक पद्धतीने बाप्तिस्मा द्यायला औथारीने बंदी घातली होती. या बंदीतूनच कळते की तोवर काही लोंबार्ड घरांत मुलांचे कॅथलिक बाप्तिस्मे होऊ लागले होते, नाहीतर बंदीची गरजच पडली नसती. ५ सप्टेंबर ५९० रोजी औथारी पावियाला मरण पावला. त्याच्या दोनच दिवस आधी, ३ सप्टेंबरला, ग्रेगरी पोपपदावर बसला होता.

पुढची घटना सर्वांत प्रसिद्ध आहे. पॉल सांगतो की राणी लोकांना इतकी आवडली होती की त्यांनी तिला राणीपदी ठेवले आणि तिला योग्य वाटेल तो नवरा निवडायला सांगितले. तिने शहाण्या माणसांचा सल्ला घेऊन तुरिनचा ड्यूक आगिलुल्फ याला निवडले. नोव्हेंबरात लग्न झाले, आणि मे ५९१ मध्ये मिलानला लोंबार्डांच्या सभेने त्याला राजा म्हणून मान्य केले. यातले किती खरे? एकटीने नवरा निवडला ही कथा रंगवलेली असण्याचा संभव मोठा. पण विधवा राणीशी लग्न केल्याने गादीवरचा हक्क पक्का होतो, ही गोष्ट तिच्या बाबतीत घडली आणि पुढे तिच्या मुलीच्या बाबतीत पुन्हा घडली. तिचा धार्मिक प्रभाव इथूनच सुरू होतो. राजाला तिची गरज होती, म्हणून तिचा पंथ दरबारात सहन केला गेला.

आता त्या वादाकडे, कारण तो वगळून थिओडेलिंडावर लिहिणे म्हणजे अर्धेच लिहिणे. त्याला ‘तीन प्रकरणां’चा वाद म्हणतात. मोप्सुएस्तियाचा थिओडोर, सायरसचा थिओडोरेट आणि एडेसाचा इबास या तिघांच्या काही लिखाणांचा पूर्व रोमन सम्राट जस्टिनियनने निषेध केला आणि ५५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेकडून, म्हणजे पाचव्या सार्वत्रिक परिषदेकडून, त्यावर शिक्कामोर्तब करून घेतले. सम्राटाच्या दडपणाखाली पोप व्हिजिलियसही शेवटी त्याला कबूल झाला. इटलीच्या उत्तरेत याचा भडका उडाला. तिथल्या बिशपांचे म्हणणे असे: ४५१ च्या कॅल्सेडॉन परिषदेने यांतल्या दोघांना आपल्यात सामावून घेतले होते, मग आता मेलेल्या माणसांचा निषेध करणे म्हणजे कॅल्सेडॉनलाच धक्का. अक्विलेइया आणि मिलान ही तिथली दोन्ही मोठी धर्मपीठे रोमपासून तुटली. मिलान पुढे परतले, अक्विलेइया परतले नाही.

म्हणजे थिओडेलिंडाच्या भोवतीचे कॅथलिक धर्मगुरू एरियनविरोधी होते, त्याच वेळी रोमविरोधीही होते. हे दोन्ही एकाच वेळी डोक्यात ठेवता आले की तिचा इतिहास उलगडतो. ५९३ मध्ये कॉन्स्टँटियस मिलानचा बिशप झाला. लोंबार्ड स्वारीनंतर मिलानचे वरिष्ठ धर्मगुरू जेनोआत राहत होते. त्याने तीन प्रकरणांचा निषेध केला आहे असे म्हणून तीन बिशपांनी त्याच्याशी संबंध तोडले आणि राणीलाही तसेच करायला लावले. ग्रेगरीने राणीला पत्र लिहून कॉन्स्टँटियसकडे पाठवले. त्यात पाचव्या परिषदेचा उल्लेख होता. कॉन्स्टँटियसने ते पत्र राणीला दिलेच नाही, कारण तो उल्लेख वाचताच ती आणखी दूर गेली असती. ग्रेगरीने त्याचे म्हणणे मान्य केले आणि ५९४ मध्ये दुसरे पत्र लिहिले. त्यात पहिल्या चार परिषदांवर ठाम श्रद्धा व्यक्त केली आणि पाचवीचे नाव गाळले. अडाणी माणसांच्या बोलण्याला भुलून तुझी पुण्याई वाया जाऊ देऊ नकोस, असा त्या पत्राचा सूर आहे. दोन्ही पत्रे आज शेजारीशेजारी ठेवून वाचता येतात. पोपसारख्या माणसाला एका राणीसाठी आपला मसुदा बदलावा लागला, तिच्या वजनाचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

पॉलने मात्र हा वाद तिच्या चरित्रातून गाळला. त्याने ग्रेगरीची शांततेच्या काळातली दोन पत्रे उतरवून घेतली, वादाची घेतली नाहीत. पुढे एके ठिकाणी पाचव्या परिषदेचे कारणच त्याने चुकीचे सांगितले आहे. निव्वळ पॉलवर विसंबणाऱ्यांची थिओडेलिंडा त्यामुळे पोपची आज्ञाधारक कन्या होऊन बसते.

शांततेच्या कामात तिचा हात किती होता? आगिलुल्फने रोमला वेढा घातला होता. पुढे मठाधिपती प्रोबस याच्या मध्यस्थीने वाटाघाटी होऊन ५९८ च्या सुमारास तह झाला. त्याबद्दल ग्रेगरीने राजाला एक आणि राणीला एक अशी दोन पत्रे लिहिली. राणीने या कामी मनापासून प्रयत्न केले हे कळल्याचे त्याने नोंदवले आणि नवऱ्याला ख्रिस्ती साम्राज्याच्या मैत्रीकडे वळवत राहा अशी विनंती केली. तिने प्रयत्न केले हे नक्की, पण तह फार टिकला नाही. रॅव्हेनात बसणाऱ्या, कॉन्स्टँटिनोपलच्या साम्राज्याच्या अधिकाऱ्याने आगिलुल्फच्या आधीच्या लग्नाच्या मुलीला आणि जावयाला पकडून नेले आणि युद्ध पुन्हा पेटले. पादुआ गेले, ६०३ च्या ऑगस्टमध्ये क्रेमोना आणि सप्टेंबरमध्ये मांटुआ.

याच वर्षातली ईस्टरची तारीख, ७ एप्रिल ६०३. आदल्या वर्षी जन्मलेला राजपुत्र अडालोआल्ड याचा त्या दिवशी मोंझाच्या योहानाच्या चर्चमध्ये कॅथलिक पद्धतीने बाप्तिस्मा झाला, आणि सेकुंडुसने त्याला पाण्यातून उचलून घेतले. तेरा वर्षांपूर्वी नेमक्या याच सणाला औथारीने बंदी घातली होती. लोंबार्ड गादीच्या वारसाचा उघडपणे कॅथलिक बाप्तिस्मा होणे ही तिच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी धार्मिक घटना, आणि ती नवऱ्याच्या संमतीशिवाय शक्य नव्हती. ६०४ च्या जुलैत मिलानच्या सर्कसमध्ये, म्हणजे रथशर्यतींच्या जुन्या मैदानात, फ्रँक राजाच्या दूतांसमोर, या दोन वर्षांच्या मुलाला राजा म्हणून पुढे आणले गेले.

राणीने बाप्तिस्म्याची बातमी कळवल्यावर ग्रेगरीने ६०३ च्या डिसेंबरात उत्तर दिले. तेव्हा तो संधिवाताने इतका जखडला होता की बोलणेही जड जात होते, आणि तिच्या दूतांनी हे स्वतः पाहिले आहे असे तो लिहितो. तीन महिन्यांनी, १२ मार्च ६०४ रोजी, तो वारला. या पत्राबरोबर त्याने मुलासाठी खऱ्या क्रुसाच्या लाकडाचा तुकडा असलेला क्रूस आणि फारसी घडणीच्या पेटीतले शुभवर्तमानाचे वाचन पाठवले, तर मुलाच्या बहिणीसाठी तीन अंगठ्या. भेटींची ही यादी सगळे उद्धृत करतात. त्याच पत्रात आणखी एक गोष्ट आहे, ती फारसे कोणी सांगत नाही: सेकुंडुसने तीन प्रकरणांबद्दल हरकती लिहून पाठवल्या होत्या. आजारपणामुळे उत्तर देता येत नाही, म्हणून परिषदेचे कागदच पाठवतो, ते वाचून घे, असे ग्रेगरी कळवतो. बाप्तिस्मा देणारा माणूसच रोमशी वाद घालत होता, आणि पोप ते ठाऊक असूनही भेटी पाठवत होता. दोघांनीही नाते तुटू दिले नाही, आणि मतही सोडले नाही.

आगिलुल्फचे काय? पॉल लिहितो की राणीच्या आग्रहाने राजाने कॅथलिक श्रद्धा धरली, चर्चला बरीच मालमत्ता दिली आणि दबलेल्या बिशपांना पुन्हा मान मिळवून दिला. मालमत्ता आणि मान या गोष्टी खऱ्या मानायला हरकत नाही. श्रद्धेबाबत मात्र कोलुंबानुसचे पत्र आडवे येते. हा आयरिश साधू गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) लुक्सोय मठातून राजाच्या रोषामुळे हाकलला गेला आणि ६१२ च्या सुमारास मिलानला पोचला. आगिलुल्फने त्याला आसरा दिला. लोंबार्ड राजाच्या सांगण्यावरून त्याने पोप बोनिफेस चौथा याला पत्र लिहिले, वादाचा शेवट करून सगळ्यांना एक करा म्हणून. राजा विनवतो, राणी विनवते, सगळेच विनवतात, असे त्यात आहे. व्हिजिलियस म्हणजे लॅटिनमध्ये ‘जागा राहणारा’. त्या नावावर कोटी करून, व्हिजिलियस पुरेसा जागा राहिला नाही, तू तरी जागा राहा, असे तो पोपला बजावतो. पण राजाचा उल्लेख मात्र तो कॅथलिक म्हणून करत नाही, परका म्हणून करतो. समकालीन साक्षीदार असे लिहितो, तेव्हा पॉलच्या वाक्याला मर्यादा घालावीच लागते. माझे मत असे की आगिलुल्फ शेवटपर्यंत मधल्या जागेवर राहिला. त्याचे ड्यूक एरियन होते, बायको आणि वारस कॅथलिक होते, आणि दोन्ही बाजू त्याला सांभाळायच्या होत्या.

अक्विलेइयाच्या बाबतीत त्याने काय केले ते पाहा. ६०६ च्या सुमारास तिथला प्रमुख बिशप वारला, तेव्हा साम्राज्याच्या ताब्यातल्या ग्रादोत रोमशी जुळवून घेणारा कँडिडियानुस निवडला गेला, आणि लोंबार्ड प्रदेशात आगिलुल्फ व फ्रिउलीचा ड्यूक यांच्या संमतीने तीन प्रकरणांच्या बाजूचा योहान बसवला गेला. आपल्या प्रजेतले कॅथलिक धर्मगुरू रोमच्या आणि कॉन्स्टँटिनोपलच्या हुकमात नसावेत, हे लोंबार्ड राजाच्या सोयीचे होते. राणीच्या धार्मिक मताला राजकीय पाठबळ मिळाले ते असे.

कोलुंबानुसला ६१४ च्या सुमारास ट्रेबिया नदीच्या खोऱ्यात बोब्बियो इथे जागा मिळाली. सनद आगिलुल्फच्या नावाने आहे आणि फक्त नकलांमधून शिल्लक आहे, त्यामुळे तिच्या शब्दाशब्दावर वाद आहेत. तिच्यात संत पीटरच्या पडक्या चर्चभोवतीचा चारी दिशांना चार मैलांचा मुलूख दिलेला आहे. चर्च दुरुस्त करून कोलुंबानुस २३ नोव्हेंबर ६१५ रोजी तिथेच वारला. ६२८ मध्ये पोप होनोरियसने हा मठ थेट रोमच्या देखरेखीखाली घेतला. बोब्बियोचे पुढचे योगदान मोठे आहे. तिथल्या साधूंनी जुने चर्मपत्र खरवडून त्यावर ऑगस्टीनचे स्तोत्रांवरचे भाष्य लिहिले, आणि त्याखाली दडलेला सिसेरोचा राज्यव्यवस्थेवरचा ग्रंथ १८१९ मध्ये अँजेलो माई याने व्हॅटिकनमध्ये शोधून काढला. हे श्रेय थिओडेलिंडाला थेट देऊ नये. पण एरियन ड्यूकांच्या राज्यात आयरिश साधूला पाय रोवता आले, त्यामागे तिच्या दरबाराने तयार केलेले वातावरण होते.

मोंझा मात्र पूर्णपणे तिचे. मिलानपासून १२ मैलांवर, थिओडेरिकच्या जुन्या उन्हाळी महालाच्या जागी, तिने महाल बांधला आणि शेजारी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे चर्च. महालाच्या भिंतींवर लोंबार्डांच्या पराक्रमाची चित्रे होती. ती गेली, पण पॉलने ती पाहून वर्णन लिहून ठेवले: मान आणि डोक्याचा मागचा भाग तासलेला, पुढचे केस कपाळावर भांग पाडून तोंडापर्यंत सोडलेले, सैल तागाचे कपडे, त्यांना रुंद रंगीत काठ, आणि अंगठ्यापर्यंत उघडी, चामड्याच्या वादीने बांधलेली पायताणे. योहान हाच संत का निवडला, हे कुठे लिहिलेले नाही. पण बाप्तिस्म्यावरून फूट पडलेल्या लोकांच्या राज्यात बाप्तिस्मा करणाऱ्याचे चर्च बांधणे मला अर्थपूर्ण वाटते. तो पुढे लोंबार्डांचा रक्षक संत झाला. ६६३ मध्ये सम्राट कॉन्स्टन्स दुसरा दक्षिण इटलीत उतरला, तेव्हा एका एकांतवासी साधूने त्याला सांगितले की परमुलखातून आलेल्या राणीने योहानाचे चर्च बांधले आहे, तोवर हे लोक जिंकले जाणार नाहीत, अशी कथा पॉल देतो. आणि तेच चर्च पुढे लाच देऊन नालायकांच्या हाती गेले म्हणून राज्य बुडाले, असे तो दुःखाने जोडतो.

चर्चच्या खजिन्यात शुभवर्तमान ग्रंथाची दोन सोन्याची आवरणे आहेत. प्रत्येकाची उंची सुमारे ३४ सेंटीमीटर. मध्ये रत्नजडित क्रूस, क्रुसाच्या चार कोनांत चार जुने कॅमिओ (उठावाची कोरीव रत्ने), कडेने लाल गार्नेटच्या चकत्यांची बारीक जडणघडण. सोन्याच्या अरुंद पट्ट्यांवर लॅटिन ओळ तुकड्यातुकड्यांनी कोरलेली आहे, आणि एका आवरणावरून दुसऱ्यावर जात ती वाचावी लागते: देवाने दिलेल्या देणग्यांतून थिओडेलिंडा राणी हे संत योहानाला, मोंझात आपल्या महालाजवळ स्वतः स्थापलेल्या चर्चमध्ये अर्पण करते. ग्रेगरीने पाठवलेली ती फारसी पेटी म्हणजे हेच आवरण, असे पुष्कळदा सांगतात. ओळ तसे म्हणत नाही. दान देणारी राणी आहे, आणि चर्च बांधणारी म्हणून तिने फक्त स्वतःचे नाव घातले आहे, नवऱ्याचे नाही. आगिलुल्फनेही तिथे एक मुकुट वाहिला होता आणि त्यावर स्वतःला ‘सगळ्या इटलीचा राजा’ म्हणवले होते. तो नेपोलियनच्या काळात पॅरिसला नेला गेला आणि १८०४ मध्ये चोरीला जाऊन वितळवला गेला.

मोंझाचा लोखंडी मुकुट मात्र तिच्या नावावर लिहू नका. क्रुसाच्या खिळ्यापासून बनवलेली म्हणून पुजली जाणारी आतली कडी १९९३ च्या तपासणीत चांदीची निघाली, आणि तो मुकुट राणीशी जोडणारा तिच्या काळातला एकही कागद नाही. चांदीची सोन्याचा मुलामा दिलेली कोंबडी आणि तिची सात पिल्ले यांबाबतही सावध राहावे. परंपरा ती तिच्याच थडग्याशी जोडते, पण अभ्यासकांनी त्यांना दिलेल्या तारखा चौथ्यापासून सातव्या शतकापर्यंत पसरलेल्या आहेत.

तिच्या आयुष्याच्या अखेरीस जे झाले ते पराभवासारखे दिसते. आगिलुल्फ ६१६ च्या सुमारास वारला. मुलाच्या नावाने तिने दहा वर्षे कारभार पाहिला. चर्चे दुरुस्त झाली, देणग्या दिल्या गेल्या. मग ६२६ च्या सुमारास अडालोआल्डला वेडा ठरवून गादीवरून हटवले गेले आणि तुरिनचा एरियन ड्यूक आरिओआल्ड राजा झाला. याला एरियनांचे बंड म्हणण्याची रीत आहे, पण पोप होनोरियसच्या पत्रात पो नदीपलीकडचे काही कॅथलिक बिशपच आरिओआल्डची बाजू घेत असल्याची तक्रार आहे. त्यामुळे पंथानुसार फळी पडली होती, हे मत टिकत नाही. थिओडेलिंडा ६२७ किंवा ६२८ च्या जानेवारीत वारली.

पण आरिओआल्डची बायको होती तिचीच मुलगी गुंडेपेर्गा, कॅथलिक. तो वारल्यावर पुढचा राजा रोथारी, एरियन, याने तिच्याशीच लग्न केले. दोन एरियन राजे, आणि दोघांच्या बाजूला थिओडेलिंडाची कॅथलिक मुलगी. तिने पावियात योहानाचेच चर्च बांधले, आईसारखे. रोथारीच्या काळात जवळजवळ प्रत्येक शहरात दोन बिशप होते, एक कॅथलिक आणि एक एरियन, असे पॉल सांगतो. पावियाचा एरियन बिशप अनास्तासियस तर पुढे स्वतःच कॅथलिक झाला.

६५३ मध्ये गादीवर आला आरिपेर्ट, आस्तीच्या ड्यूक गुंडोआल्डचा मुलगा, म्हणजे थिओडेलिंडाचा भाचा. ६९८ च्या पाविया परिषदेवर लिहिलेल्या एका समकालीन कवितेत एरियन पंथ बंद करण्याचे श्रेय याच आरिपेर्टला दिले आहे. त्याचा मुलगा पेर्क्टारिट याने ज्यूंना बाप्तिस्मा घ्यायला भाग पाडले आणि नकार देणाऱ्यांना ठार केले, हेही तीच कविता स्तुती म्हणून सांगते. थिओडेलिंडाच्या घराण्याचा गौरव करताना ही ओळ गाळू नये. पेर्क्टारिटचा मुलगा कुनिंकपेर्ट याने ६९८ ची ती परिषद भरवली, आणि अक्विलेइयाचे बिशप अखेर रोमशी जुळले. म्हणजे ज्या वादात थिओडेलिंडा पोपच्या विरुद्ध बाजूला होती, तो तिच्या भाच्याच्या नातवाने पोपच्या बाजूने मिटवला.

स्वतः अभ्यास करायचा असेल तर क्रम असा ठेवा: आधी ग्रेगरीची चौथ्या भागातली राणीला लिहिलेली दोन्ही पत्रे आणि त्यांच्यामधली कॉन्स्टँटियसची भानगड, मग चौदाव्या भागातले शेवटचे पत्र, मग कोलुंबानुसचे पत्र, आणि या सगळ्यानंतर पॉल. उलट क्रमाने वाचले की पॉलची सुबक कथा आधी मनात बसते आणि कागद तिच्यात कोंबले जातात.

मोंझाला जाणे झालेच, तर बहुतेक लोक थिओडेलिंडाच्या नावाच्या चॅपलमध्ये जातात. तिथे झावात्तारी कुटुंबातल्या चित्रकारांनी १४४० च्या दशकात तिच्या आयुष्याची ४५ चित्रे रंगवली आहेत. ती अप्रतिम आहेत, पण कपडे, घोडे, मेजवान्या सगळे पंधराव्या शतकातल्या मिलानच्या दरबाराचे आहे. सातवे शतक पाहायचे असेल तर खजिन्यात पपायरसचा एक तुकडा शोधा. त्यावर रोमच्या हुतात्म्यांची नावे आहेत, ज्यांच्या कबरींजवळच्या दिव्यांतले तेल छोट्या बाटल्यांत भरून आणले होते. ग्रेगरी संतांच्या हाडांचे तुकडे करून वाटायला तयार नसे. ५९४ मध्ये सम्राज्ञी कॉन्स्टँटिना हिने संत पॉलचे मस्तक मागितले तेव्हा त्याने तिलाही नकार दिला होता. म्हणून राणीला तेल मिळाले. तेल आणणाऱ्याने खाली आपले नाव लिहिले आहे: पोप ग्रेगरीच्या काळात योहान नावाच्या अपात्र पाप्याने हे रोमहून थिओडेलिंडा राणीसाठी आणले.